पाण्याखालचे फोटो

कपाट आवरताना जुना वॉटरप्रूफ कॅमेरा हाती आला. झाकणाच्या रबराला अजून गोदावरीच्या गाळाचा वास येतो.

सिरोंच्याला नोकरीत असताना मल्लेश माझा शेजारी होता, मासेमार. कॅमेरा पाण्यात चालतो याचंच आम्हा दोघांना अप्रूप. त्यामुळे त्याचे सगळे फोटो मी पाण्याखालीच काढले: गाल फुगलेले, डोळे सताड उघडे, केस वर तरंगणारे. ते बघून आम्ही पोट धरून हसायचो.

त्याच पावसाळ्यात पुरात त्याचा डोंगा उलटला आणि तो गेला. तेरवीला हार घालायला घरात फोटोच नव्हता, म्हणून मी काढलेले नेऊन दिले. त्याच्या बायकोनं एकेक फोटो पदरानं पुसला आणि सगळे परत माझ्या हातात ठेवले.

"भाऊ, यात तं ते बुडूनच राह्यले. कोरडा एक काऊन नाई काढला?"