ठकूबाईने पुसलेली पावलं

ज्या रिसॉर्टची तक्रार करायची, त्याच रिसॉर्टच्या लॉबीतल्या कॉम्प्युटरवर बसून निनावी ई-मेल पाठवणारी शहाणी जगात एकच निघाली असेल, आणि ती मी. माझा विचार असा, की हा कॉम्प्युटर पाहुण्यांचा. दिवसभर कोणीही येऊन बसतं, पोरं गेम खेळतात, त्या गर्दीत माझी एक मेल कोणाला सापडणार? मी खोटा पत्ता काढला, त्याला 'सत्यवती' असं नाव दिलं आणि स्वतःवर खूश होऊन चादरी मोजायला गेले. तेव्हा मी पन्नाशीत होते; अक्कल मात्र अजून पाळण्यात होती. परवा नातीने विचारलं, "आजी, अशी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून पाठवलेली मेल कोणाची ते कळतं का गं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरला नाही कळलं. ठकूबाईला कळलं."

ठकूबाई लॉबीची फरशी पुसायची. रिसॉर्ट मुळशी धरणाच्या काठाला आणि तिची वाडी वर डोंगरात. मी तिथे चादरी-टॉवेलांच्या खोलीची प्रमुख, म्हणजे पंखा असलेली खोली आणि स्वतःची खुर्ची, एवढाच मोठेपणा. ठकूबाई कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही, असं मॅनेजरने झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाकीच्या विसरल्या. हिने ते असं पाळलं, की मॅनेजर समोर उभा राहून बोलायचा आणि ही त्याच्या बुटांना उत्तरं द्यायची.

ओल्या फरशीवर कोणी पाऊल टाकलं, की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "चाला, चाला. देवानं तुमाला पाय दिल्यात आन मला हात." माझ्या डाव्या चपलेचा अंगठा कायम तुटलेला, त्यामुळे पाय ओढत चालायची सवय. पावसाळ्यात तांबडा चिखल घेऊन मी लॉबीतून गेले, की पाठीमागून आवाज यायचा, "बाई, माज्या फरशीवर नांगर धरलाय व्हय? आता भात लावू का हितं?" मी हसायचे. चप्पल मात्र शिवली नाही.

तिचा एकुलता मुलगा मारुती त्याच रिसॉर्टमध्ये बाग आणि पाण्याची मोटार बघायचा. कागदोपत्री तो कुठेच नव्हता. बोलावलं की यायचा. उन्हाळ्याच्या शेवटी पाहुणे वासाची तक्रार करू लागले, म्हणून मॅनेजरने त्याला संडासाच्या टाकीत उतरवलं. तो जिवंत वर आला नाही. मला निरोप आला, दोन जुन्या चादरी पाठवा. कोणाच्या हाती न देता मी स्वतःच घेऊन गेले, म्हणून टाकीच्या कडेला तो पडलेला मी पाहिला. "बाई, तुम्ही चादरी ठेवा आणि जा," मॅनेजर म्हणाला. मी चादरी ठेवल्या आणि गेले. इतकी आज्ञाधारक मी नवऱ्याशीही कधी नव्हते.

ठकूबाईला बोलावणं गेलं, तोवर त्याला धरणाच्या पाण्याशी नेऊन ठेवलं होतं. मासे धरायला गेला, पाय घसरला, असं सगळे एका सुरात सांगत होते. ती त्याच्याजवळ बसली, वाकली आणि त्याच्या केसांचा वास घेतला.

"बुडालेली मानसं मी बगितल्यात," ती म्हणाली. "धरनाच्या पान्याला असा वास येत न्हाई."

"ठकूबाई, उद्यापासून कामावर यायचंय ना?" मॅनेजरने विचारलं.

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. बूट नुकतेच धुतलेले होते.

मारुतीचे दिवस झाल्यावर ती परत कामावर आली. मी म्हटलं, "ठकूबाई, इथे कशाला आलात?" ती म्हणाली, "घरी बसलं की दाराकडं बगाया लागतं. हितं फरशीकडं तरी बगती." त्या उत्तराने मला झोप लागेना. शेवटी आषाढातल्या एका दुपारी, पाहुणे जेवून आडवे झाल्यावर, मी त्या कॉम्प्युटरवर बसले आणि पुण्याच्या मोठ्या सरकारी कचेरीला लिहिलं, की येथे एका कामगाराचा टाकीत गुदमरून मृत्यू झाला असून तो बुडाल्याचे भासवण्यात आले आहे. 'भासवण्यात आले आहे' हे मला फार भारी वाटलं. मारुतीचं नाव मी आधी लिहिलं होतं, मग खोडलं. नाव दिलं तर हे आतल्याच माणसाचं काम, असं कळेल ना! उठून मागे वळले, तर दारापासून कॉम्प्युटरपर्यंत फरशी लख्ख ओली होती. माझ्या चिखलाचा एक ठिपका नव्हता. पाठमोरी ठकूबाई फडकं पिळत होती. मला वाटलं, नशीब चांगलं.

पुढे कचेरीने ती मेल जशीच्या तशी रिसॉर्टकडेच पाठवली, खुलासा करा म्हणून. मॅनेजरने हिंजवडीहून एक कॉम्प्युटरवाला आणला. त्याने मेलच्या पोटातले आकडे वाचले आणि मान हलवली. "साहेब, ही तुमच्याच लॉबीतून गेलीय. दिवस आणि वेळही मिळते. पण खुर्चीत कोण होतं, ते मशीन सांगत नाही."

मॅनेजरने सगळ्यांना लॉबीत उभं केलं, मेल मोठ्याने वाचून दाखवली आणि ठकूबाईकडे वळला. "त्या वेळेला तू इथे पुसत होतीस. कोण बसलं होतं?"

"पाव्हनी हुती कोन तरी."

"कुठल्या खोलीतली? कशी होती दिसायला?"

"मला काय ठावं? तोंडाकडं बगायचं न्हाई, तुमीच सांगितलंय."

"मग पाय बघितले असशील की!"

"व्हय. गोरं हुतं. नखं रंगवल्याली. चिखल न्हाई, काई न्हाई."

मी टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून चार हातांवर उभी होते, पायात तीच चप्पल. मॅनेजरने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तिने बादली पालथी घातली, फडकं तिच्यावर वाळत टाकलं आणि गेली. मी गठ्ठा घेऊन माझ्या पंख्याखाली जाऊन बसले.

खुलाशात रिसॉर्टने लिहिलं, की आमच्याकडे असा कोणी कामगार नव्हता. कोणता कामगार, हे मेलमध्येच नव्हतं. कचेरीने तरी कोणाला शोधायचं? तक्रार मिटली. 'सत्यवती'ला तसं उत्तरही आलं.

ठकूबाई वारली त्याला आता दोन वर्षं झाली. मला उशिरा कळलं. तिच्याशी शेवटचं बोलणं झालं ते तिला काढल्यानंतर, तिच्या वाडीवर. मी धापा टाकत डोंगर चढून गेले होते. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाली, "शिवली न्हाई अजून." मी रडत सगळं सांगितलं, माफी मागितली, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली म्हटलं. तिने सूप खाली ठेवलं आणि, मी ओळखत होते तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नोकरीचं न्हाई वो काई. त्यानं मेल वाचली तवा मी कान दिऊन ऐकत हुते. शेवटापत्तुर ऐकली. तुमचं नाव लपवायचं हुतं, लपवा की बाई; मी बी लपिवलंच. पन माजा मारुती कुनापासून लपत हुता?"