तीन दुकानांचं निःशस्त्रीकरण

भंडारा जिल्ह्यातल्या रानडुकरांना माझ्या मैत्रिणीच्या मोठेबाबांइतका, म्हणजे थोरल्या काकांइतका, सज्जन शत्रू आजवर लाभला नाही आणि पुढेही लाभणार नाही. लाखनी, वरठी आणि भंडारा अशी त्यांची तीन दुकानं. तिसरं उघडल्यापासून ते त्यांना 'चेन' म्हणत. पीकसंरक्षणाचा परवाना दाखवा, बंदूक-काडतुसं घेऊन जा. शिकारीला बंदी आहे, हे त्यांना मनापासून मान्य होतं. आपल्या काडतुसांनी डुकरं फक्त घाबरतात, असा त्यांचा समज होता आणि मेलेल्या डुकरांनी तो कधी खोडून काढला नाही. स्वतः मात्र लवंगी फटाक्याला दचकणारे. गिऱ्हाईक बंदूक उघडून बघायला लागलं, की हे कानात बोटं घालून गल्ल्यामागे जायचे आणि तिथूनच किंमत ओरडायचे.

आम्ही वन्यजीव वाचवणारी पाच पोरं-पोरी लाखनीच्या दुकानासमोर रोज धरणं धरायचो. 'मृत्यूच्या व्यापाऱ्यांनो, चले जाव' हा फलक माझा. मोठेबाबांनी पहिल्याच दिवशी चहा पाठवला आणि फलक वाचून म्हणाले, "अक्षर बढिया हाये बाई तुयं. आमची पाटी तूच रंगवून दे." पत्रकांचा गठ्ठाही मागून घेतला. मला वाटलं, हृदयपरिवर्तन. दुसऱ्या दिवशी काडतुसांची डबी आमच्याच पत्रकात गुंडाळून विकली जात होती.

मागच्या वर्षी धान कापणीला आलं असताना त्यांच्या एका गिऱ्हाइकाने बांधावर हललेल्या सावलीवर गोळी झाडली. सावली राखणीला बसलेल्या शेजाऱ्याची निघाली. मांडीत लागलं, माणूस वाचला. मोठेबाबा रोज डबा घेऊन दवाखान्यात. शेवटी तो जखमी माणूसच म्हणाला, "तुमी कायले येता? गोळी तं त्यानं मारली."

"इकली तं मीच ना," मोठेबाबा म्हणाले.

तिन्ही दुकानांतून बंदुका गेल्या. आम्ही 'जनआंदोलनाचा ऐतिहासिक विजय' असं पत्रक काढलं. दवाखान्याचा उल्लेख राहिला. जागा कमी होती.

आता तिथे जंगल बघायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी तंबू, दुर्बिणी, पाठीवरच्या पिशव्या मिळतात. मोठेबाबा दुर्बीण उलटी धरून गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लावतात आणि म्हणतात, "पाहा, वाघ किती दूर ठेवते हे."

दर दसऱ्याला गावोगावचे परवानेवाले शेतकरी आपल्या बंदुका पूजेला लाखनीच्या दुकानात आणत, तर्री-पोहे खात आणि दुपारपर्यंत गप्पा हाणत. यंदा दुकानात बंदुका नव्हत्या, म्हणून रिवाज थोडाच मोडायचा? मोठेबाबांनी तंबू उभारून त्याला हळदकुंकू लावलं, दुर्बिणीला झेंडूचा हार घातला, कढईभर पोहे केले आणि सगळ्यांना फोन केले. विकायचा तंबू हळदीने कायमचा पिवळा झाला. शेतकरी कोणी आलं नाही. हायवेपलीकडे नवं बंदुकीचं दुकान निघालंय, त्यांच्या मोटरसायकली तिथे उभ्या होत्या. इथून स्पष्ट दिसत होत्या. मैत्रिणीने बोलावलं म्हणून आम्ही पाच जण तेवढे आलो.

 मोठेबाबा माझ्या पोह्यांवर तर्री ओतत म्हणाले, "ते नाही आले, समजलं. तुमी कायले यायचं बंद केलं?"

"मागणी मान्य झाली ना, मोठेबाबा."

"मान्य झाली म्हून कोनी येणं सोडते काय?"

पत्रकात माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला खणखणीत उत्तर असतं. मी आणखी तर्री मागून घेतली.

"एखादी मागणी राहिली असन," ते हळूच म्हणाले, "तं आठवून पाह्य, बाई."

आम्ही पाचही जण खाली मान घालून मागणी शोधत बसलो.