गिरिजाला कुणी उभं केलं नाही

"राव, त्या बाईला खुर्चीवरून उचला. राउंड येतोय," सिस्टर म्हणाली.

ती बाई म्हणजे माझी बायको, गिरिजा. मी त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय. साठी जवळ आली तरी बॉयच. नव्वद सालानंतरची गोष्ट, यशवंतपूरकडची.

राउंड म्हणजे मोठे डॉक्टर सगळ्या खाटा बघत जातात ते. तेव्हा प्रत्येक पेशंट खाटेवर सरळ पाहिजे, चादर ताठ पाहिजे. कुणी खुर्चीत बसलेलं असलं की वॉर्ड गबाळा दिसतो म्हणे.

न्यूमोनिया झाला तेव्हा गिरिजा बसमधून उतरून आपल्या पायांनी आली होती. औषधांनी ताप उतरला. पण लघवीला नळी घातली होती, कॅथेटर म्हणतात, ती तशीच ठेवली. नळी असली की पेशंटला धरून बाथरूमला न्यावं लागत नाही. सगळ्यांची सोय. पेशंट पडला तर स्टाफला मेमो मिळतो. झोपवून ठेवला तर कुणी विचारत नाही. आणि झोपून झोपून अंगातलं मांस जातं. चादर बदलताना मी तिला उचलायचो. रोज हलकी लागायची. पोटऱ्या नुसती कातडी.

घरचेही तसलेच. तिची थोरली बहीण, आमची अक्का, डब्यातून भाताची गंजी, म्हणजे पातळ पेज, आणायची.

"अक्का, अंडं आण. अंगात काही जाऊ दे."

"तापातून उठलेल्या बाईला अंडं? उष्ण पडेल. तुम्ही काय डाक्टर झालात, भाऊजी?"

"उठलीय कुठं? तिनं पाय खाली टाकला की तू ओरडतेस."

गिरिजा म्हणाली, "तुम्ही भांडा खुशाल. मला तेवढं खाली उतरवा."

तेवढंच कुणी केलं नाही. मी खुर्चीत बसवली, तर ही सिस्टर. उचलून परत निजवली. राउंड आला.

"छाती क्लिअर. उद्या घरी," डॉक्टर म्हणाले.

"सर, ती उभी राहत नाही. एकदा उभी करून बघा."

"वीकनेस असतो, राव. टॉनिक लिहितो. घरी स्वल्प स्वल्प चालवा, रोज थोडं थोडं."

पुढच्या खाटेकडे गेले पण. हाडाच्या वॉर्डात व्यायाम करवणारी बाई यायची. आमच्या वॉर्डात नाही. इथं कुणाचं हाड मोडलेलं नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. गिरिजा म्हणाली, उचलून नेऊ नका, गल्ली बघेल. गेटाशी ऑटोत बसायला उभी राहिली आणि गुडघे गेले. मी धरली, आणि घरापाशी उचलूनच आत नेली. शेवटी गल्लीनं बघितलंच.

आमचा संडास अंगणापलीकडे. आठवड्याच्या आतच तिथं पडली. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा खाट, पुन्हा छाती भरली. यावेळी ती परत आली नाही.

डॉक्टर म्हणाले, "वय झालं होतं, राव."

मी म्हणालो, "सर, बसमधून उतरली तेव्हाही वय तेच होतं."

त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं मला दुसऱ्या वॉर्डात काम दिलं.

तेव्हा ऐका. तुमचं माणूस दवाखान्यात असलं तर रिपोर्ट नंतर विचारा. आधी विचारा, आज याला पायांवर कुणी उभं केलं? कुणीच बोललं नाही तर भांडा. भांडखोर म्हणतील. म्हणू द्या. माणूस चालत घरी येईल.