फळीमागचे पाच ठोके

आमच्या बाबांना सगळी गल्ली ओळंबा म्हणते, तेही तोंडावर. गवंडी माणूस, वाकडं म्हणून काही खपत नाही. घरातलं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, शेजाऱ्यांचा जिना, सगळ्यांना दोरी लावून झालीय. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला म्हणाले, "जरा सरळ बसा हो, तुमचा उजवा खांदा उतरलाय." स्थळ गेलं ते गेलंच. मी पोट धरून हसले. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

आणि हाच सरळ माणूस चौदा वर्षं नदीकडच्या फळ्यांना कान लावत होता. कामावर जाताना एकदा, येताना एकदा. लोक बघून न बघितल्यासारखं करायचे. मीही करायचे, कारण मला माहीत होतं ते काय ऐकतात.

आमची गल्ली थेट नदीत उतरते. पूर अडवायला दीड पुरुष उंचीची जुनी भिंत होती आणि गल्लीच्या तोंडाशी येण्याजाण्यापुरती एक मोकळी जागा. तिला आम्ही फट म्हणायचो. पाणी वाढलं की फटीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये वरून एकेक जाड फळी सोडायची आणि मागे मातीची पोती रचायची. भिजल्या की फळ्या फुगतात आणि चार माणसांनी ओढल्या तरी हलत नाहीत. एरवी त्या तिथेच भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या. त्या सोडायचं काम बाबांचं.

त्या पुराच्या दिवशी मी नऊ वर्षांची होते. माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, मला डोळा मारून फटीतून बाहेर पडला. बाबांची हत्यारांची पिशवी नदीकाठच्या शेडमध्ये राहिली होती. "आलोच. दादाला सांगू नकोस, ओरडेल," म्हणाला. मी नाही सांगितलं. बाबांना कुणीतरी सांगितलं की काका शाळेत अंथरुणं पोचवतोय. तेवढ्यात पाणी भिंतीवरच्या धोक्याच्या लाल खुणेला लागलं आणि बाबांनी फळ्या सोडल्या.

मी फळीला चिकटून उभी होते. नदीच्या आवाजात हाका ऐकू येत नव्हत्या, पण पलीकडून ठोके आले. आधी तीन, थांबून दोन. काका आमच्या दाराची कडी कधीच वाजवायचा नाही, असंच ठोकायचा. बाबांचा हात पोत्यावरच थांबला.

"कुणी ठोकतंय का?"

"ओंडके आपटतायत हो," मागून दहा जण ओरडले. तीसेक माणसं घोटाभर पाण्यात उभी होती, कडेवर पोरं. बाबा माझ्याकडे वळले. पोर खोटं बोलणार नाही, असं वाटलं असेल त्यांना. "तुझा कान तिथेच आहे. काय आहे गं?"

आईचा हात माझ्या खांद्यावर होता. तिने तो इतका दाबला की नखं रुतली.

"ओंडका," मी म्हणाले.

गल्ली वाचली. एक भांडंसुद्धा वाहून गेलं नाही. काका दोन दिवसांनी पुलाच्या खांबाशी सापडला, खांद्यावर बाबांची पिशवी. लोक म्हणाले, तो आधीच वाहून गेला असणार, बिचारा. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यांना कान लावायला लागले. मी मात्र तोंडाला कुलूप लावून बसले. खरं सांगितलं तर बाबा त्याच नदीत जीव देतील, असं वाटायचं मला. आईलाही तेच वाटायचं. आम्ही दोघींनी यावर एक अक्षर कधी काढलं नाही. आई तशीच गेली.

यंदा पालिकेने भिंत उंच करायला घेतली आणि फट कायमची बुजवायचं ठरलं. गवंड्यांचे मुकादम बाबाच. फट सोडून सगळी भिंत झाली. फटीत सळया उभ्या राहिल्या, आता फक्त साचा लावून काँक्रीट ओतायचं होतं. "इथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. आणि चार दिवस काही केलंच नाही! बांधलेल्या सळया सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. विचारलं तर, "ओळंब्यात बसत नाही." वरच्या धरणातून पाणी सोडणार अशी बातमी आली आणि चाळीस घरांचा जीव टांगणीला लागला. मी शिवणयंत्रावर बसलेली, तर दारात ही गर्दी. "तुझ्या बापाला सांग काहीतरी!" माझं डोकं फिरलं. म्हटलं, बापाला चौदा वर्षं सगळ्यांनी मिळून ओंडका ओंडका सांगितलंत, आता मी काय सांगू? पण डबा उचलला आणि गेले.

बाबा फटीत सळयांना टेकून बसले होते. मागे नदी, गढूळ आणि फुगलेली. डबा उघडलासुद्धा नाही.

"हे बुजवलं की विचारायला जागाच उरणार नाही," ते म्हणाले. "म्हणून विचारतो. त्या दिवशी काय होतं गं?"

ओंडका म्हटलं असतं तर ते उठले असते, काँक्रीट ओतलं असतं, सगळे सुटले असते. पण माझ्याने ते म्हणवलं नाही.

"काका होता. आधी तीन, मग दोन."

मला वाटलं ओरडतील. मारतील. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग म्हणाले, "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं."

मी रडायला लागले. चौदा वर्षं मी त्यांचा जीव वाचवत होते, आणि चौदा वर्षं ते स्वतःला वेडा समजत होते.

"फळ्या निघाल्या नसत्याच," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "दोर टाकला असता वरून." तेवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. पण ते वाक्य माझ्या उरात आहे ते आहेच.

त्याच दुपारी साचा लागला. बाबांनी नदीच्या बाजूला सळईच्या कड्या वाकवून बसवल्या, खालून वरपर्यंत, माणसाला चढता येतील अशा. पालिकेचे साहेब म्हणाले, "अहो, नकाशात नाहीत या." बाबा म्हणाले, "मग काढा नकाशात." साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कड्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत फट गेली.

चार दिवसांनी पाणी आलं. लाल खुणेच्या वर चढलं, भिंत जागची हलली नाही. लोक छत्र्या घेऊन बघायला आले, बाबांची पाठ थोपटून गेले. बाबा आता भिंतीजवळ थांबत नाहीत. थांबते मी. त्या दिवशीही उभी होते, जिथे फट होती तिथे, कान लावून.

बाबा मागे कधी आले, कळलं नाही.

"काय आहे?"

मी कान काढला नाही. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, हलक्या हाताने, आणि स्वतः भिंतीकडे वाकले.

"ओंडका आहे," ते म्हणाले. "चल घरी."

मी शेजारीच उभी होते. त्यांचा कान भिंतीला लागलाच नव्हता.