पाठकोऱ्या कागदांवरची सिद्धता

फळ्याच्या मधोमध खडूचा एक ठिपका द्यायचा, दोन पावलं मागं सरायचं आणि मान कलती करून त्या ठिपक्याकडं बघत राहायचं, ही त्यांची तास सुरू करायची पद्धत. पोरं आपोआप गप्प व्हायची. मग ते म्हणायचे, "हां. आता एकेकाला विचारून बघू." कुणाला विचारायचं आणि काय, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात यायचं नाही. पण तास संपेपर्यंत फळा भरलेला असायचा आणि पोरांना वाटायचं, हे सगळं आपणच सांगितलं.

मी शेजारच्या वर्गात शिकवायचो. मधली भिंत पातळ होती. पलीकडून हसण्याचा आवाज आला की माझ्या वर्गातली पोरं फळा सोडून भिंतीकडं बघायची. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. तुमच्याही नोकरीत असा एखादा माणूस आला असेल. तो आपलं काही वाईट करत नाही, आणि नेमका त्याचाच आपल्याला त्रास होतो.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. भाड्याच्या घरांतून सरकारी कचेऱ्या थाटल्या जात होत्या आणि पाट्यांचा रंग अजून ओला होता. त्याच वर्षी ते आमच्या कॉलेजात गणिताचे अधिव्याख्याता म्हणून आले. मी उदगीरचा, वडलांचं कापडाचं दुकान, आणि कॉलेजात सहा वर्षं जुना. ते किनवट तालुक्यातले, इस्लापूरजवळच्या एका गावचे. वडील लहानपणीच गेलेले, आईनं मजुरी करून शिकवलेलं. गावातल्या बौद्ध वस्तीत एम.एस्सी. झालेले ते पहिले. स्टाफरूममध्ये एकानं हलक्या आवाजात "कोट्यातून आलेत" असं म्हटलं तेव्हा मी हसलो नाही. पण मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनंतरही त्या बरं वाटण्याची मला लाज वाटते.

आम्हा दोघांना एकच खोली होती, समोरासमोर दोन टेबलं. त्यांच्या टेबलाभोवती पोरांचा गराडा असायचा. माझ्या टेबलापाशी कुणी आलंच तर, "सर, ते सर कधी येतील?" हे विचारायला. माझी बायको एकदा भाजीबाजारात त्यांना भेटली आणि घरी येऊन म्हणाली, "तुमचे ते नवे सर तुमची लई स्तुती करत होते. म्हणाले, फळ्यावरचं अक्षर सरांचं, तसं अख्ख्या कॉलेजात नाही." गणिताच्या मास्तराच्या अक्षराची स्तुती झाली, की बाकीच्याबद्दल शंका यायला जागा उरते. त्या दिवशी मी नीट जेवलो नाही.

मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. चार वर्षं एकाच प्रश्नापाशी अडकलो होतो. तो प्रश्न सोपा करून सांगतो. अंगणात ज्वारी सांडली आहे असं समजा; अंगण म्हणजे गणितातलं अवकाश. कुठं दाट, कुठं विरळ. अशा पसरलेल्या वजनाला गणितात माप म्हणतात. सगळं वजन एकाच ठिपक्यावर गोळा झालं तर ते बिंदुवस्तुमान. आता पसरलेलं कुठलंही माप म्हणजे अशा ठिपक्याठिपक्यांच्या वस्तुमानांची एक मोठी बेरीजच, हे मनाला लगेच पटतं. पण ठिपके अगणित, म्हणून बेरजेऐवजी संकलन करावं लागतं. आणि ते आकड्यांचं नसून त्या वस्तुमानांचंच, त्यांना सदिश मानून. घोडं इथंच पेंड खायचं. दोन ठिपके एकमेकांना चिकटतील इतके जवळ आणले, तरी त्यांच्या वस्तुमानांमधलं अंतर कमी होत नाही. मैलभर लांबच्या दोन ठिपक्यांत जेवढं, तेवढंच राहतं. त्यामुळं बारीक तुकडे करून जोडत जायची नेहमीची रीत चालत नाही. मी ती चालवायचा प्रयत्न चार वर्षं करत होतो.

एके दुपारी ते माझ्या टेबलापाशी थांबले. वहीकडं बघून म्हणाले, "सर, रागावणार नसाल तर बोलू का?"

"बोला."

"तुम्ही त्या ठिपक्यांची थेट बेरीज करून राहिलात. ती नाही व्हायची. त्यापेक्षा एकेका फलनाला विचारा, की बाबा, तुला यातलं काय दिसतं? सगळ्या फलनांची उत्तरं एकमेकांशी जुळली, की माप सापडलं."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो. फलन म्हणजे दर ठिपक्याला एक आकडा देणारा नियम, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगतं. मला ती रीत माहीत होती, पण पुस्तकात वाचलेली असते तशी. "माझ्या प्रबंधातलं अवकाश फार मोठं आहे. तिथं ते उत्तर मापांच्या बाहेर निसटतं."

"हाव, ते खरं हाय," ते म्हणाले आणि विचार करत आपल्या जागी गेले. मी वही मिटून कपाटात ठेवली. कुलूपही लावलं.

त्या वर्षी पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला. फेब्रुवारीतच विहिरी आटल्या. नव्या जिल्ह्यात कर्मचारी कमी, म्हणून टंचाईच्या कामासाठी कॉलेजांकडून माणसं मागवली गेली. आमच्या विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. "एकजण द्यावा लागेल. चार महिने. तुम्ही जाता का?"

मी म्हणालो, "जाईन की. पण खेड्यांची माहिती नव्या सरांना जास्त आहे."

एवढंच म्हणालो. त्यांचं नाव गेलं. त्यांनी माझ्याकडं रजिस्टर सोपवताना उलट माझेच आभार मानले. "बरं झालं सर, तुम्हाला लिहायला निवांत वेळ मिळेल." ते टोचून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांना चाकूर तालुका मिळाला. एप्रिलात त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून मी एसटीनं तिकडं गेलो. ते चाकूरपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात होते. पोचलो तेव्हा पारावर तहसीलचे एक साहेब बसलेले, आणि हे त्यांच्यापुढं गावाचा नकाशा पसरून उभे. नकाशावर शाईचे ठिपके होते, एका घराला एक, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी माणसांचा आकडा.

साहेब म्हणत होते, "अहो, माणशी सरासरी काढली तर पाणी पुरतंय की गावाला."

"साहेब, सरासरीला तहान लागत नाही," ते शांतपणे म्हणाले. "टँकर रिता होतो इथं, वेशीतल्या विहिरीत. ही वस्ती बघा, ओढ्यापल्याड. इथल्या एकाही घरात घागरभर पाणी पोचत नाही. मी घरोघर विचारलंय. तुम्ही चला माझ्यासंगं, तुम्हीही विचारा."

साहेबांनी घाम पुसला, नकाशा पुन्हा बघितला आणि चला म्हणाले. मीही मागोमाग गेलो. पाचव्या घराशी साहेब थांबले आणि वस्तीसाठी वेगळी खेप लिहून दिली. तिथं एक म्हातारी उंबऱ्यात बसली होती. तिनं आत जाऊन पितळी तांब्या आणला आणि तो थेट त्यांच्यापुढं धरला. "घे की रं मास्तर, दोन घोट. सकाळधरनं फिरून राहिलास."

"न्हाई मावशी, ठेव तुला."

"घे म्हणते ना!"

त्यांनी दोन घोट घेतले आणि तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. मी शेजारीच उभा होतो, तोंडाला कोरड पडलेली. मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि का विचारावं? पण त्या दुष्काळात एका म्हातारीनं आपल्या वाट्याचं पाणी त्यांना द्यावं, याचाही मला हेवा वाटला. मनाला शरम नसते.

परतताना ते मला चाकूरच्या एसटी स्टँडवर सोडणाऱ्या जीपपर्यंत पोचवायला आले. पिशवीतून त्यांनी चार कागद काढले. सर्वेक्षणाचे वाया गेलेले फॉर्म. मागच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं.

"सर, तुमचं ते निसटणारं उत्तर. मला वाटतं, ते धरता येतंय. जीपमध्ये बसल्या बसल्या करून राहिलो होतो. बघा बरं, कुठं चुकलंय का."

एसटीत मी ते वाचलं. अहमदपूरकडून येणारी गाडी खच्चून भरलेली होती, मी दांड्याला धरून उभा होतो. दुसऱ्या कागदाच्या मध्यावर मला कळलं, की कुठंही चुकलेलं नाही. माझी चार वर्षं त्या चार पाठकोऱ्या पानांत मावली होती. त्यांना वाटेतून दूर करावं म्हणून मी धाडलं होतं, आणि तिथूनच त्यांनी हे पाठवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं नव्हतं.

प्रबंध जूनमध्ये दिला. ती सिद्धता चौथ्या प्रकरणात घातली. माझे मार्गदर्शक म्हणाले, "हे प्रकरण सुंदर झालंय. हे सुचलं कसं?" मी म्हणालो, "बरेच दिवस डोक्यात होतं." प्रश्नापुरतं ते खरं होतं. ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे आभार मानले, प्राचार्यांचे, बायकोचे, टंकलेखकाचे आणि ग्रंथालयातल्या शिपायाचेसुद्धा. त्यांचं नाव लिहायला तीनदा पेन उचललं. एक ओळ लिहिली असती तर आकाश कोसळलं नसतं. पण लोक म्हणाले असते, सहा वर्षं जुन्या माणसाला कालच्या पोरानं हात दिला. तेही कोट्यातल्या. हे शेवटचे दोन शब्द माझ्या मनात होते.

टंचाईचं काम संपवून ते परत आले, काळेठिक्कर पडलेले. मी प्रबंधाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळे उघडतात तसंच त्यांनीही आधी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. सावकाश वाचलं. मग चौथं प्रकरण काढलं, तेही वाचलं. मी समोर बसून एका कोऱ्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघा मारत होतो.

"टायपिंग छान झालंय, सर," ते म्हणाले. "चिन्हं हातानं काढलीत का?"

"हो."

"देखणी आलीत."

त्यांनी प्रत मिटली, दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि तासाला गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं.

वर्ष संपताना त्यांनी राजीनामा दिला. इस्लापूरकडच्या एका शाळेत जागा निघाली होती. "आई एकटी हाय, सर. आता तिला होत नाही," एवढंच म्हणाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं आणि ते चांगलं झालं. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

पण सुटका झाली नाही. मी डॉक्टर झालो, विभागप्रमुख झालो. त्या चौथ्या प्रकरणाचा लेख छापून आला, परदेशातून दोन पत्रंही आली. आणि दरवर्षी कुणीतरी जुना विद्यार्थी खोलीत डोकावायचा, समोरच्या टेबलाकडं बघायचा. "सर कुठं असतात हो आता?" मी गावाचं नाव सांगायचो. सांगता सांगता पत्ता पाठ झाला, पण मी एक पत्र टाकलं नाही.

निवृत्त झाल्यावर, नांदेडला एका लग्नाला गेलो असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्लापूरची गाडी धरली. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो. घर लगेच सापडलं. पोस्टापाशी नुसतं "गणिताचे सर" म्हटलं तर दोघं सोबत आले. दारात त्यांची बायको उभी होती. त्याही शिक्षिका, निवृत्त झालेल्या. "जयभीम, या," म्हणाल्या. मी गडबडून नमस्कार केला आणि नाव सांगितलं.

"लातूरचे सर व्हय? उशीर केलात. मागच्या पोळ्याला गेले ते."

मी ओसरीवर बसलो.

"कुणाकुणाला कळलं कसं, काय माहीत," त्या सांगू लागल्या. "हैदराबादहून पोरं आली, पुण्याहून आली. दोनशे तरी माणूस होतं." आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या ओसरीवर बसून मी मनातल्या मनात हिशेब केला, की आपल्या वेळी किती येतील.

त्या पुढं म्हणाल्या, "तुमचं नाव लई घ्यायचे. शाळेतल्या लेकरायला सांगायचे, की लातूरच्या सरांनी मला एक प्रश्न दिला होता, तसा प्रश्न जन्मात एकदा भेटतो. प्रश्न देणारा माणूस मोठा, म्हणायचे."

घोकलेलं सगळं निघून गेलं. "वहिनी," मी म्हणालो, "उत्तर त्यांचं होतं. सगळं. मी ते माझ्या नावावर छापलं."

"हाव," त्या म्हणाल्या. "ठाऊक हाय मला."

"रागावले नाहीत कधी?"

"त्यायला राग नव्हता," त्या म्हणाल्या. "मला होता."

एवढं बोलून त्या आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आल्या, माझ्यापुढं ठेवला आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. मी तो पिऊन संपेपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि उठल्याही नाहीत.