साहेबांच्या उजव्या हाताची खुर्ची

सरकारी नोकरी सोडून मी उज्जैनला फ्रीगंजमध्ये फोटोचा स्टुडिओ काढला, तेव्हा माझा थोरला भाऊ मला म्हणाला, "आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस." वडील लवकर गेले होते. दादानंच मला शिकवलं आणि आपल्या दफ्तरात बडेबाबूंच्या हातापाया पडून मला चिकटवलंही. तीन वर्षं मी तिथे आवक-जावकची रजिस्टरं भरली. एक दिवस राजीनामा लिहून बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांनी तो सगळ्या दफ्तराला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "लो भई, साहबजादे अब तमाशा दिखाएंगे!" सगळे हसले. दादाही हसला. बाकीच्यांचं हसणं मी दोन दिवसांत विसरलो.

स्टुडिओ टावर चौकापासून चार दुकानं आत होता. पहिले काही महिने लोक आत यायचे, आरशात बघून भांग पाडायचे आणि जायचे. लग्नाची कामं सगळी जुन्या शहरातल्या एका फोटोवाल्याकडे. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, फ्रीगंजच्या नव्या पोराकडे जाऊ नका, त्याच्या फोटोतली तोंडं वर्षभरात पिवळी पडतात. माझा स्टुडिओ उघडून तेव्हा चार महिने झाले होते.

मी कॅमेरा खांद्यावर टाकून राम घाटावर गेलो. म्हटलं, लांबून आलेले यात्रेकरू आहेत, आठवण म्हणून काढून घेतील. एक कुटुंब तयारही झालं. तेवढ्यात त्यांचा पंडा, म्हणजे घाटावरचा उपाध्याय, आला. "यजमान हमारे हैं," तो म्हणाला आणि त्यानं कॅमेऱ्याच्या तिपाईला पायानं ढकललं. पायऱ्यांवर लोळण घेऊन मी कॅमेरा धरला, म्हणून तो क्षिप्रेत गेला नाही. माझं कोपर फुटलं. यजमान हसत होते.

घरी बायको कोपराला हळद लावताना म्हणाली, "जी माणसं इथून कायमची जाणार आहेत त्यांच्याकडे जा ना. आठवण त्यांना हवी असते."

ती बरोबर बोलत होती. मध्यभारत राज्य मोडून नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि उज्जैनची काही दफ्तरं तिकडे हलायची होती. वर्षानुवर्षं शेजारी बसलेली माणसं पांगणार होती. मी दफ्तरं पालथी घातली. ग्रुप फोटो काढून देतो म्हणायचो. एका ठिकाणी चपराश्यानंच हाकललं, दुसरीकडे एका बाबूनं दुपारभर बाकावर बसवून सांगितलं की साहेबांना फोटोची चीड आहे. शेवटी राहिलं माझं जुनं दफ्तर.

तिथे हवा वेगळीच होती. नव्या प्रांतातली सगळी दफ्तरं एक होणार म्हणून सर्वांची मिळून नवी ज्येष्ठतेची यादी बनत होती, आणि त्या यादीत जबलपूरकडचे एक सुपरिंटेंडेंट आमच्या बडेबाबूंच्या वर आले होते. कागदपत्रं ताब्यात घ्यायला ते उज्जैनला येऊन बसलेही होते. दोघांची टेबलं समोरासमोर होती आणि एकमेकांना साधी चिठ्ठीही चपराश्याच्या हातून जायची.

बडेबाबूंनी मला तासभर उभं ठेवलं. मग म्हणाले, "क्यों, तमाशा नहीं चला?" दादा चार टेबलं सोडून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मी निघणार तोच सुपरिंटेंडेंट म्हणाले, "ग्रुप फोटो होना चाहिए. मैं साहब से कह दूंगा."

"आप क्यों कहेंगे?" बडेबाबू उसळून म्हणाले. "दफ्तर हमारा है. फोटो मैं करवा रहा हूं."

माझं पहिलं मोठं काम मला असं मिळालं. माझ्यावर मेहरबानी म्हणून कुणी ते दिलं नव्हतं.

ठरल्या दिवशी दफ्तराच्या अंगणात मी खुर्च्या मांडल्या. मधली साहेबांची. तिच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बडेबाबूंनी आधीच रुमाल टाकून ठेवला होता. सुपरिंटेंडेंट आले, त्यांनी तो रुमाल दोन बोटांनी उचलून शेजारच्या खुर्चीवर टाकला आणि बसले.

"उठिए," बडेबाबू म्हणाले.

"लिस्ट देख लीजिए."

"लिस्ट भोपाल में दिखाना. यह उज्जैन है."

मागे उभ्या राहिलेल्या कारकुनांतही सुरू झालं. यादीत कुणाचं नाव खाली गेलं होतं, कुणाचं वर आलं होतं. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. बडेबाबू ओरडले, "अपने वाले सब हट जाओ!" आणि अर्ध्याहून जास्त माणसं बाजूला झाली. त्यांत दादाही होता. साहेब बाहेर आले, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

मग सगळ्यांना मी दिसलो. "इसी ने कुर्सियां लगाईं!" बडेबाबू माझ्या अंगावर आले. आणि दादा, जो वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता, तो सगळ्यांदेखत मराठीत म्हणाला, "ह्याला बोलावलं तिथेच चुकलं." मी कॅमेऱ्याचं काळं कापड गुंडाळलं, तिपाई मिटली. फोटो उतरवायची एकही काच न वापरता परत आलो.

तिसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट एकटेच स्टुडिओत आले. कोट, टाय, काखेत फाईल. "अकेला. कुर्सी पर," ते म्हणाले. मी त्यांचा मोठा फोटो काढला आणि त्यांच्या परवानगीनं एक प्रत दर्शनी काचेत लावली. बडेबाबू घरी जायचे तो रस्ता माझ्या दुकानासमोरून होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच लावली.

चार दिवसांनी बडेबाबू आले. आत आल्यावर बराच वेळ पडद्यावर रंगवलेल्या बागेकडे बघत राहिले. मग काचेतल्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "इससे बड़ी बना सकते हो?"

त्या दिवशी मला धंदा कळला. त्यानंतर मी जे केलं ते चांगलं नव्हतं, पण मी ते मजेत केलं. दफ्तरातला कुणी दुकानासमोरून गेला की मी हाक मारायचो, "तुमच्या हाताखालचा तो कालच खुर्चीवर बसून काढून गेला की!" बहुतेक वेळा ते खोटं असायचं. तो माणूस दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून हजर. मग खरोखर हाताखालचाही यायचा. पैसे मी आगाऊ घ्यायचो. माझ्यावर हसलेली तोंडं एकेक करून माझ्यासमोर हनुवटी वर करून बसली, आणि मी त्यांना म्हणायचो, "हलू नका."

मग एके दिवशी भर दुपारी दादा आला. पायरीवरच उभा राहिला.

"काय सांगतोस तू लोकांना? दफ्तरात माणसं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नाहीत. ह्याच लोकांबरोबर मला भोपाळला दिवस काढायचेत."

"फोटो काढतो मी."

"खोटं बोलून?"

"माझा राजीनामा वाचला तेव्हा तू हसला होतास," मी म्हणालो.

त्याला आधी कळेचना. मग त्याचा चेहरा उतरला. "घरात मुलं होती माझ्या," तो म्हणाला. "बडेबाबू माझ्याकडेच बघत होते. नसतो हसलो तर?"

मी तेव्हाच काही बरं बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण मी म्हणालो, "आत ये. तुझा फुकट काढतो."

"तुझ्या कॅमेऱ्यासमोर बसायला मला लाज वाटते," दादा म्हणाला आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं सामान हलवलं. वहिनी जाताना माझ्या बायकोला भेटून गेल्या, मला नाही.

त्या उन्हाळ्यात पहिलं लग्नाचं काम मिळालं. बडेबाबूंच्या मुलीचं. जुन्या फोटोवाल्याला डावलून त्यांनी मला बोलावलं आणि पाहुण्यांना सांगत होते, "अपने दफ्तर का लड़का है." सकाळपासून मी राबलो. बडेबाबूंचा मला त्या दिवशीही तितकाच राग येत होता, तरी काम मी एक नंबर केलं. त्या मांडवातूनच मला पुढची तीन लग्नं मिळाली.

दादा भोपाळहून आला होता. दफ्तरच्या लोकांना नवरीमागे उभं केलं तेव्हा तो आपणहून रांगेतून निघाला आणि कनातीपाशी जाऊन उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, "अरे, भाऊ राहिला तुमचा." मी बाकीच्यांना जरा जवळ सरकायला सांगितलं आणि फोटो काढला.