चाकावरची खडूची रेघ

सुरतेच्या पांडेसऱ्यात टायरच्या दुकानात मी चार वर्षं काम केलं, आणि तिथं शिकलेली एकुलती एक कामाची गोष्ट नेमक्या वेळी वापरली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणा समजायला नको.

मालक म्हातारा गुजराती, बोलायला तुसडा, पण हवेच्या बाबतीत पक्का. नव्वदीच्या मधल्या त्या वर्षांत कंपनीची चाकं काढून चकचकीत, रुंद मॅग व्हील बसवायचं खूळ सुरतेत शिरलं होतं. गिऱ्हाईक दारावरचं कंपनीचं स्टिकर दाखवून म्हणायचं, एवढीच हवा भर. मालक भडकायचा. ते स्टिकर जुन्या टायरचं. टायर रुंद आणि बुटका झाला की आकडा नव्यानं शोधावा लागतो. त्याची रीत साधी होती. टायर थंड असताना, गाडीत नेहमीचं वजन भरून, टायरवर आडवी खडूची रेघ मारायची आणि गाडी थोडी ढकलायची. रेघ सगळीकडून सारखी पुसली तर हवा बरोबर. नुसती मध्ये पुसली तर जास्त. दोन्ही कडांना पुसली आणि मध्ये तशीच राहिली तर कमी. "भरेली गाडीमां हवा वधारे, ओछी नहीं," हे तो रोज एकदा तरी ओरडायचा. भरल्या गाडीत हवा जास्तच हवी; कमी असली की टायर मुडपतो, तापतो आणि फाटतो.

आमच्या खानदेशी माणसांची समजूत नेमकी उलटी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते ऐन उन्हाळ्यात. लेकी माहेरी निघतात, गाड्या माणसांनी आणि गाठोड्यांनी गच्च भरतात, धुळ्याकडचा रस्ता तव्यासारखा तापतो. उन्हात हवा फुगते, म्हणून गावी निघताना सगळे हवा काढून घ्यायला यायचे.

माझ्या लहान बहिणीचे यजमान, आमचे दाजी, डाइंग मिलमध्ये मास्तर होते. त्यांनी जुनी मारुती व्हॅन घेतली आणि तिला असली रुंद चाकं लावली. मिरवायची हौस दांडगी. त्या वर्षी आखाजीला ते बहिणीला घेऊन सकाळीच दुकानावर आले. मालक अजून यायचा होता. व्हॅनमध्ये मागे शेजारची दोन माणसं, नातेवाइकांसाठी साड्यांचे गठ्ठे, वर पत्र्याची पेटी.

"आखाजीनं ऊन शे, हवा फुगस. कमी कर भाऊ, नहीते टायर फुटी जाई," दाजी म्हणाले आणि समोर चहाला गेले.

मी चारही चाकांची हवा काढली. मग सवयीनं मागच्या चाकावर खडूची रेघ मारली आणि गाडी हातभर ढकलली. दोन्ही कडा साफ पुसल्या. मधली रेघ जशीच्या तशी, पांढरीशुभ्र.

बहिणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हाई काय शे भाऊ?"

"काही नही. बठ तू."

जावयाला, तेही आखाजीला निघालेल्या जावयाला, उलट बोलायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगात मुरवलेलं. तिच्या सासरी माझ्यावरून बोलणी होतील, ती तिला ऐकावी लागतील, असंही मनात आलं. सगळं खरं. पण त्याहून खरं हे, की मला त्या सकाळी वाईटपणा घ्यायचा नव्हता. मी उरलेली रेघ फडक्यानं पुसून टाकली. दाजी आले, खूश झाले, गाडी निघाली.

दुपारी कोंडाईबारीच्या घाटात मागचं टायर फाटलं. बाकीचे हातपाय मोडून वाचले. बहीण दवाखान्यात पोहोचायच्या आत गेली. गावी आईनं तिच्यासाठी आखाजीचा झोका बांधून ठेवला होता. तो सोडायला कुणी धजेना, शेवटी मीच सोडला.

पुढच्या आखाजीला दाजी पुन्हा आले. दुरुस्त केलेली तीच व्हॅन, तीच चाकं, आत नवी बायको. तिच्या माहेरी निघाले होते.

"आवंदा अजून कमी कर भाऊ," ते म्हणाले. "त्या दिन जास्तच राही गई व्हती."

वर्षभर ते हेच समजून होते, आणि मी समजू दिलं होतं. नवी बायको खिडकीतून माझ्याकडे बघत होती. वय असेल माझ्या बहिणीएवढंच. मी खडू घेतला. रेघ मारली, दाजींना खाली वाकायला लावलं, गाडी ढकलली आणि कुठं पुसली, कुठं राहिली ते बोटानं दाखवलं. म्हटलं, हवा काढायची नाही दाजी, भरायची.

दाजींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिन मारी व्हती का रेघ?"

खोटं बोलता आलं असतं.

"मारी व्हती," मी म्हणालो.

चारही चाकांत हवा भरून होईपर्यंत दाजी तिथंच उभे राहिले, मग गाडीत बसले आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. गाडी सुखरूप पोहोचली, एवढं मला दुसऱ्यांकडून कळलं.